बडोद्यात राहून रॉक करता येतं का?

मागच्या अंकात संगीत करणाऱ्या वाचकांना प्रश्न पाठवा म्हटलं होतं. वाटलं होतं परीक्षांबद्दल, क्लासेसबद्दल विचारतील, पण आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त बँडवाल्यांची निघाली, तीही आपल्या बडोद्याचीच, त्यामुळे यावेळचा पूर्ण कॉलम त्यांनाच दिलाय. नावं छापत नाहीये, फक्त राहायचा भाग लिहिलाय.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) क्वालिटीमध्ये नोकरी करतो. आमचा चौघांचा बँड आहे, स्वतःची पाच गाणी तयार आहेत, तीन मराठी, दोन हिंदी. पण इथे वाजवायला जागाच नाही. कॅफेवाले म्हणतात अनप्लग्ड करा आणि फिल्मीच वाजवा. आमचा बेसिस्ट म्हणतो सगळे मिळून मुंबई नाहीतर पुण्याला शिफ्ट होऊ, घरचे म्हणतात डोकं फिरलंय. बडोद्यात राहून रॉक म्युझिशियन होता येतं का? (रावपुरा)

येतं. आणि माझं मत विचारत असाल तर आत्ता तरी जाऊ नका.

आधी जागेचं बोलू, कारण तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पुणे, मुंबई, बंगळूर इथे बँड कशावर जगतात तर पबवर. शुक्रवार-शनिवार पबमध्ये गर्दी हवी म्हणून मालक बँड बोलावतो आणि बँडचे पैसे निघतात ते दारूच्या बिलातून. आपलं गुजरात राज्य १९६० ला झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, त्यामुळे ते गणितच आपल्याकडे नाही. कॉफी आणि सँडविच विकून कॅफेवाला ड्रमकिट, दोन अँप, साउंडवाला आणि चार पोरांचे पैसे कुठून काढणार? म्हणून तो म्हणतो एक गिटार, एक कहोन (बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका) आणि ओळखीची गाणी. त्याच्यावर राग धरू नका, त्याचं दुकान तसंच चालतं.

पण याचीच दुसरी बाजू बघा ना. पबमध्ये लोक बोलायला, प्यायला येतात, मागे बँड वाजत असतो, आणि तिथेही मालकाला ओळखीचंच ऐकायचं असतं. तिथे जाऊन तीन-तीन तास कव्हर, म्हणजे दुसऱ्यांचीच गाणी, वाजवणारी कितीतरी चांगली मुलं मी पाहिलीत, त्यांची स्वतःची गाणी लॅपटॉपमध्येच पडून आहेत कारण भाडं भरायला आठवड्याला चार गिग (कार्यक्रम) लागतात आणि लिहायला वेळ उरत नाही. बडोद्यात तुमचं घर आहे, पगार आहे, संध्याकाळ आहे. इथे जे पन्नास-साठ लोक तिकीट काढून येतील ते संध्याकाळी सातला येतील, शुद्धीत असतील, सोबत बहीण-भाऊ-आई असतील आणि ऐकायलाच आलेले असतील. स्वतःची गाणी लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला श्रोता मिळत नाही हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आणि रॉक म्हणजे मोठ्या शहराचंच काम असंही कधी नव्हतं. मुंबईत इंडिपेंडन्स रॉक हा फेस्टिव्हल १९८६ ला सुरू झाला हे खरं, पण देशभरच्या बँडना एकमेकांची ओळख करून देणारं रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक १९९३ साली अलाहाबादहून निघालं. अलाहाबाद! तिथे कुठले आलेत क्लब. पुढे त्याच लोकांनी ग्रेट इंडियन रॉक हा फेस्टिव्हल उभा केला. कुणीतरी आपल्या गावात बसून काम सुरू केलं आणि बाकीचे येऊन जोडले गेले.

आता तुमच्या पाच गाण्यांचं. पाच गाणी म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. एवढ्या सामानावर मुंबईला जाऊन काय करणार, उरलेल्या वेळात परत कव्हरच. आधी एक तासाचा शो तयार करा, पूर्ण स्वतःच्या गाण्यांचा, म्हणजे बारा-तेरा गाणी, आणि ती सगळी एकामागून एक न थांबता वाजवता आली पाहिजेत, मध्ये ट्यूनिंगला पाच मिनिटं न घेता. त्यासाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पक्क्या ठरवा, शिफ्ट बदलली तर वार बदला पण दोनाच्या दोन राहू द्या. एक नवीन लिहायची आणि एक जुनं घासायची, हे दोन्ही एकाच दिवशी करायला गेलं की नवीन गाणं नेहमी राहून जातं.

जागा आपणच करायच्या. गणपतीत दांडिया बाजार, रावपुरा भागातली मराठी मंडळं दहा दिवस कार्यक्रम ठेवतात, त्यातली एक संध्याकाळ मागा, एखाद्या मंडळात तुमच्या काकांचे मित्र असतीलच. गल्लीत लहान मुलं, आजी-आजोबा समोर बसलेले असताना गिटारला डिस्टॉर्शन (तो फाटका, खरखरीत आवाज) लावून स्वतःचं मराठी गाणं म्हणायला जी छाती लागते ती कुठल्याही फेस्टिव्हलला पुरून उरते. दुसरं म्हणजे युनिव्हर्सिटी. आपल्या फाइन आर्ट्सला देशभरातून मुलं शिकायला येतात, त्यांना पोस्टर, अल्बमचं कव्हर, व्हिडिओ करायला खऱ्या बँडचं काम हवं असतं, तुम्हाला ते लोक हवेत, मग भेटत का नाही? एखादा छोटा हॉल चौघांत पैसे काढून भाड्याने घ्या, तिकीट ठेवा, फुकट ठेवू नका. अगदी १०० रुपये ठेवा पण ठेवा. फुकट असलं की लोक येतो म्हणतात आणि येत नाहीत.

मुंबई काही पळून जात नाहीये, रात्रीच्या गाडीत बसलं की पहाटे तिथे. अहमदाबाद तर दोन तासांवर. वाजवायला जा आणि परत या. महिन्यातून तीन-चार वेळा बाहेरून बोलावणं यायला लागलं, आणि नोकरीतल्या रजा पुरेनाशा झाल्या, की मग शिफ्ट व्हायचं बोला, तेव्हा मीच म्हणेन जा.

प्रश्न : मी वीस वर्षांची आहे, बँडमध्ये गाते. इंग्रजीत लिहिलं की गाणं पटकन बसतं पण मराठीत लिहिलं की एकतर भावगीत वाटतं नाहीतर जाहिरात. रॉक मराठीत मुळात बसतच नाही असं आमचा गिटारिस्ट म्हणतो. खरंय का? (फतेहगंज)

नाही गं, अजिबात खरं नाही. कलकत्त्याच्या मोहीनेर घोडागुली या बँडनं सत्तरच्या दशकात बंगालीत हे करून दाखवलंय, केरळच्या अवियलनं मल्याळममध्ये केलं. तेव्हाही असंच म्हणणारे असतीलच ना.

तुला अडतंय कुठे ते मला दिसतंय. इंग्रजी गाणं ऐकून ऐकून चाल आधी डोक्यात येते, तिचे ठोके इंग्रजी शब्दांच्या आघातावर बांधलेले असतात, आणि मग तू त्यात मराठी शब्द कोंबतेस. मराठी शब्दाला तसा ठोसा नसतो, आपल्याकडे अक्षर लांब का आखूड यावर सगळं चालतं. म्हणून उलटं कर. आधी ओळ मोठ्यानं बोल, नुसती बोल, भांडताना बोलतेस तशी, आणि ती नैसर्गिकपणे कुठे लांबते, कुठे तुटते ते बघ, रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) त्यावर बांधायला सांग गिटारिस्टला.

आणि घरात आजी हरिपाठ म्हणत असेल तर एकदा कान देऊन ऐक. अभंगाचा मोठा साचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा असतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं आणि शेवटचा तुकडा मुद्दाम आखूड. आत्ता लिहिता लिहिता एक करून बघतो,

रेल्वेच्या पुलाशी
थांबली पहाट
कुणाची ही वाट
पाही गाव

बघ, सहा अक्षरं सहा ठोक्यांच्या मापात सरळ बसतात, आणि शेवटच्या चार अक्षरांनंतर दोन ठोके रिकामे उरतात. त्या दोन ठोक्यांत पूर्ण बँड एकदम थांबव, किंवा ड्रमचा एक रोल टाक. रॉकमध्ये आपण ज्याला स्टॉप म्हणतो तो या साच्यात आधीपासूनच आहे गं, कुणी वापरत नाही एवढंच. अभंग गाताना आपण आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात गातो ते वेगळं, पण अक्षरांचं माप सहाचं आहे. आणि तू तर बडोद्याची! गरब्याचा हींच हा ताल पण सहा मात्रांचाच, लहानपणापासून तो पायात आहे तुझ्या. मराठी अक्षर, गुजराती ताल आणि इलेक्ट्रिक गिटार, हे तिन्ही एकत्र जिथे सहज होऊ शकतं असं शहर मला तरी दुसरं माहीत नाही. बाहेरून कॉपी कशाला करायची?

दोन बारीक गोष्टी राहिल्या. ओळीच्या शेवटी आहे, होते, नाही, जाते अशी क्रियापदं आणून यमक जुळवू नकोस, भावगीत किंवा जाहिरात वाटतं ते बहुतेक यामुळेच. क्रियापद मध्ये घे किंवा काढूनच टाक, शेवटी नाम येऊ दे, पूल, घाम, चावी, असे ठोस शब्द. आणि गिटारिस्टला सांग की गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) थोडा कमी कर आणि तू गात असताना मिड्स (मधल्या पट्ट्यातला आवाज) मागे घे, कारण साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातच शब्द ओळखू येतात आणि डिस्टॉर्शनवाली गिटार नेमकी तिथेच बसते. शब्द ऐकूच आले नाहीत तर लोक म्हणणार मराठीत बसत नाही.

प्रश्न : माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, ऑक्टोपॅड आणि ड्रम वाजवतो. नवरात्रात नऊ रात्री एका मोठ्या ग्राउंडवर वाजवून चांगले पैसे आणतो पण नंतर वर्षभर मित्रांबरोबर खोलीत बसून स्वतःची गाणी करत असतो, त्यातून एक रुपया येत नाही. त्याचे बाबा म्हणतात एमबीए कर नाहीतर गरबावाल्यांबरोबर कायमचा जा. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते पण काय म्हणून घेऊ तेच कळत नाही. (कारेलीबाग)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाजू घ्यावीशी वाटते म्हणालात तिथेच अर्धं काम झालं.

पहिलं म्हणजे नवरात्रात वाजवणं हे कमी प्रतीचं काम नाही, हे त्यालाही सांगा, कारण या वयात बँडवाल्या मुलांना उगीच त्याची लाज वाटते. बडोद्याचा गरबा म्हणजे हजारो माणसं एका गोलात आणि तासन् तास ताल न हलवता वाजवायचं, टेम्पो जरा पळाला तर अख्खं ग्राउंड अडखळतं. युनेस्कोनं २०२३ मध्ये गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं ते उगाच नाही. सलग नऊ रात्री हे करणाऱ्या ड्रमरचा हात जितका पक्का होतो तितका बंद खोलीत मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून होत नाही. मी स्वतः बरीच वर्षं गरब्यात बेस वाजवलाय आणि माझ्या बँडमधल्या सगळ्या सहाच्या तालातल्या गाण्यांची मुळं तिथेच आहेत.

दुसरं, हे शहर. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं गायक मौलाबक्षांनी इथे १८८६ मध्ये गायनशाळा काढली, तेव्हा गाणं म्हणजे दरबाराचं आणि घराण्याचं, सामान्य घरातल्या मुलांनी नोटेशन वाचून शाळेत गाणं शिकायचं हे फार नवीन होतं. तीच शाळा वाढत वाढत आज सूरसागरच्या काठावरची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी झालीय. मौलाबक्षांचा नातू इनायत खान इथेच जन्मला, १९१० ला परदेशात गेला आणि तिकडे आपलं संगीत घेऊन फिरला. पुढे उस्ताद फैयाज खान इथे दरबारगायक होते. या सगळ्यांच्या मागे कुणीतरी पैसा उभा केला होता, महाराजांनी केला. तुमच्या मुलाच्या मागे महाराज नाहीत, पण नवरात्र आहे. नवरात्रीचे पैसे हाच त्याच्या गाण्याचा दरबार, त्या नजरेनं बघा.

मात्र त्यासाठी त्या पैशाचा हिशोब हवा आणि इथे तुम्ही आई म्हणून कडक व्हा. नवरात्र संपल्यावर एका वहीत तीन भाग पाडायला लावा. एक घरात द्यायचा, थोडा का असेना, त्यानं बाबांचा आवाज बराच खाली येईल. एक बाजूला ठेवायचा, कारण पुढच्या वर्षी पाऊस लांबला आणि ग्राउंडवर चिखल झाला तर रात्री रद्द होतात. आणि उरलेला स्वतःच्या गाण्यांचा, रेकॉर्डिंग, मिक्सिंग, हॉलचं भाडं. आणि त्याला विचारा की पुढच्या नवरात्रीपर्यंत किती गाणी बाहेर येणार? करतोय, चालू आहे, हे उत्तर धरू नका. वर्षाला चार गाणी पूर्ण करून लोकांसमोर आणणं हे नोकरी न करणाऱ्या ड्रमरला आणि त्याच्या मित्रांना सहज शक्य आहे. चार आली तर त्याची बाजू घ्या, अगदी भांडून घ्या. एकही आलं नाही तर एमबीएचं बोलायला हरकत नाही, तेही प्रेमानं.

एमबीएच करायचं झालं तरी ड्रम विकू देऊ नका. नवरात्र सोडून बाकीच्या महिन्यांत तो लहान मुलांना शिकवू शकतो, गरब्यात वाजवणारा शिक्षक म्हटल्यावर बडोद्यात आईवडील मुलं पाठवतात.

एक गोष्ट मात्र आजच करा, त्याला चांगले इयरप्लग घेऊन द्या, संगीतवाल्यांसाठी वेगळे मिळतात, आवाज सगळाच सारखा कमी करणारे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. गरब्याच्या स्टेजवर मॉनिटरसमोर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर) आणि बँडच्या खोलीत आवाज याच्या आसपास किंवा वरच असतो, तासन् तास. कानात शिटी वाजते असं तो कधी म्हणाला असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. गेलेलं ऐकणं परत येत नाही, आणि त्याचं तर सगळं त्यावरच आहे.

प्रश्न : तीस हजारात घरी रेकॉर्डिंगचं काय काय बसेल? स्टुडिओत जाऊ की घरीच करू? (मांजलपूर)

दोन्ही. ड्रम स्टुडिओत, बाकी सगळं घरी. ड्रमला किमान चार माइक, मोठी खोली आणि सरावलेला इंजिनिअर लागतो, त्यावर घरी पैसे घालवू नका. दोन चॅनलचा साधा इंटरफेस (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), एक चांगला डायनॅमिक माइक, स्टँड, केबल आणि बंद पाठीचा हेडफोन एवढं तीस हजारात बसतं. कंडेन्सर माइक घेऊ नका असं मी सांगेन, कारण आपल्या सोसायट्यांत रिक्षा, कुकर, शेजारचा टीव्ही सगळं त्यात येतं. सॉफ्टवेअरला रीपर घ्या, ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि नंतरही लायसन्स स्वस्त आहे, क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, वापरू नका. गिटार थेट इंटरफेसमध्ये घालून अँप सिम्युलेटर (अँपसारखा आवाज देणारं सॉफ्टवेअर) लावा, शेजारी पण खूश. गाताना कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून उभे राहा आणि माइकच्या मागे गोधडी टांगा. लेव्हल लाल होईपर्यंत चढवू नका, २४ बिटवर उणे १० डेसिबलच्या आसपास पीक आलं तरी भरपूर. आणि स्टुडिओला जायच्या आधी पूर्ण गाणं क्लिकवर (मेट्रोनोमवर) घरी वाजवून न्या, तिथे तासाचे पैसे जातात आणि अरेंजमेंट तिथे बसून ठरवायला लागलात तर तुमचे तीस हजार दोन दिवसांत संपतील.

पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत तारा फार लवकर गंजतात आणि नेक हलते, गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि रेकॉर्डिंगच्या एक दिवस आधी नव्या तारा लावा, त्याच दिवशी लावल्या तर उतरत राहतात.

प्रश्न : आमचं एक गाणं सगळ्या ॲपवर टाकलं, वर्षात ४०० वेळा ऐकलं गेलं, पैसे शून्य. फसवणूक आहे का ही? (गोरवा)

फसवणूक नाही, नियम आहे. स्पॉटिफायनं २०२४ पासून असं केलंय की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं १००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मोजले जात नाहीत. मला हा नियम अजिबात पटत नाही, लहान शहरातल्या नव्या बँडवर तो अन्याय आहे, पण आहे. आणि १००० झाले तरी येणारे पैसे चहाचेच, त्यामुळे स्ट्रीमिंगला कमाई समजू नका, पत्ता समजा, कुणी विचारलं तुमचं काम कुठे ऐकू तर दाखवायला. पुढचं गाणं टाकताना तारीख दोन-तीन आठवडे पुढची घ्या आणि आर्टिस्ट अकाउंटवरून किमान सात दिवस आधी ते स्पॉटिफायच्या एडिटरना पिच करा, म्हणजे प्लेलिस्टसाठी सुचवा, तुम्ही बहुतेक रात्रीत अपलोड करून मोकळे झाला असाल.

आणि त्या ४०० मध्ये अनोळखी किती होते ते बघा, शहरांची यादी तिथेच दिसते. नाशिक, नागपूर, इंदूर असं काही दिसलं तर तिथे कुणीतरी तुमचं मराठी गाणं शोधून ऐकतंय, त्यांच्यासाठी लिहा. इंडियन ओशन या बँडनं २०१० पासून आपला अख्खा अल्बम नेटवर फुकट देऊन टाकला होता, दर महिन्याला एक गाणं असं करत. अर्थात तोवर त्यांची वीस वर्षं स्टेजवर गेली होती आणि लोक तिकीट काढून यायचे, म्हणून जमलं.

प्रश्न : एका कंपनीनं आमची गाणी घेतो म्हणून कॉन्ट्रॅक्ट पाठवलंय. एकरकमी थोडे पैसे देणार आणि "सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी, जगभर" असं लिहिलंय. पहिल्यांदाच कुणी विचारतंय म्हणून सही करावीशी वाटते. (अकोटा)

थांबा. सही आज करू नका, उद्याही नको, आधी वकिलाला दाखवा, कॉपीराइटचं काम करणारा वकील, जमिनीच्या केसेस बघणारा नव्हे. तोवर एवढं समजून घ्या.

एका गाण्यात वेगवेगळे हक्क असतात. शब्दांचा गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, आणि त्या रेकॉर्डिंगचा वेगळा. रेकॉर्डिंगचा हक्क ज्यानं ते करायला पुढाकार घेतला, जबाबदारी घेतली त्याचा, म्हणजे स्टुडिओचे पैसे तुम्ही भरून तुम्हीच केलं असेल तर तुमचा. शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. तुमच्या नातवंडांपर्यंत जाणारी गोष्ट आहे ही, एकरकमी देऊन टाकायची वस्तू नाही.

कायदा तुमच्या बाजूनं बराच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार आपल्या रॉयल्टीचा समान वाटा सोडून देऊच शकत नाहीत, तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला (सभासदांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) देता येतो, कंपनीला नाही. कंपनीनं कागदावर लिहून घेतलं तरी ते कलम टिकत नाही. हक्क देताना ते लेखी हवं, कुठलं गाणं, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, किती रॉयल्टी, हे सगळं स्पष्ट लिहिलेलं हवं. काळ लिहिलाच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन त्यांनी वर्षभर काहीच केलं नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसलं तर, हक्क तुमच्याकडे परत येतात. तुमच्या कागदावर कायमस्वरूपी आणि जगभर असं मुद्दाम लिहिलंय ते याच सवलती काढून घ्यायला.

तुम्ही त्यांना उलट प्रस्ताव द्या. रेकॉर्डिंगचं लायसन्स देतो, तीन किंवा पाच वर्षांसाठी, मालकी आमचीच, शब्द-चाल आमचीच. एखाद्याच गाण्यापासून सुरुवात करू म्हणा. खरंच तुमचं काम आवडलं असेल तर ते बोलायला बसतील. उत्तरच आलं नाही तर त्यांना गाणी नको होती, फक्त कॅटलॉग भरायचा होता. आणि दरम्यान तुमचे गीतकार-संगीतकार आयपीआरएसचे मेंबर होऊन जाऊ देत, १९६९ पासूनची सोसायटी आहे, गाणी जिथे जिथे वाजतात तिथून शब्द-चालीची रॉयल्टी ती गोळा करते, पण गाणी नोंदवलेली असतील तरच ना.

बँडमधल्या चौघांचंही आपसात एक कागद करा, कुठलं गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, बँड फुटला तर नाव कुणाचं. आत्ता सगळे जिवलग आहात म्हणूनच आत्ता करा, चांगल्या दिवसांत अर्ध्या तासात होतं.

प्रश्न : ड्रमच्या आवाजावरून शेजारी पोलिसांत जायचं म्हणतायत. दिवसा पण वाजवायचं नाही का? (सुभानपुरा)

नियमाप्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खरं ड्रमकिट भिंतीपलीकडेही ५५ च्या आत ठेवणं फार अवघड. त्यामुळे भांडू नका, तुमची बाजू कच्ची आहे. घरी प्रॅक्टिस पॅड किंवा मेश हेड (ड्रमवरची जाळीची, कमी आवाजाची पुडी) लावा, झांजांना कमी आवाजाचे सेट मिळतात, किक पेडलखाली जाड रबरी मॅट टाका कारण खालच्या मजल्यावर त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या धक्क्यांचा. बँडची प्रॅक्टिस जीआयडीसीकडे हलवा, रविवारी तिथल्या बऱ्याच शेड बंद असतात, एखाद्या ओळखीच्या मालकाकडे चावी मागा आणि लाइटबिल तुम्ही भरा. रावपुऱ्याच्या पहिल्या पत्रवाल्यांनीही हे वाचावं, ते मकरपुऱ्यालाच कामाला आहेत, दोन बँड मिळून एक शेड घेतली तर भाडं निम्मं होईल. दोघांनी मासिकाच्या पत्त्यावर लिहा, ओळख करून देतो.